विल्यम मिलर : एका शेतकऱ्याचे गणित

यंदाच्या अंकासाठी माजी विद्यार्थ्यांनीही काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा विषयासाठी मला फारशी शोधाशोध करावी लागली नाही. या महाविद्यालयात असताना मी एका माणसाला हसलो होतो. त्या हसण्याचे देणे अनेक वर्षे अंगावर वागवतो आहे. ते या पानांतच थोडेफार फेडावे असे वाटले.

साल १९७९. माझा एक वर्गमित्र औंध रस्त्याला, स्पायसर कॉलेजच्या आसपास राहत असे. ते कॉलेज ‘सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट’ या ख्रिस्ती पंथाचे, आणि मित्राचे घराणेही त्याच पंथातले. शुक्रवारी सूर्य मावळला की त्याचा शब्बाथ सुरू होई, तो थेट शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. या काळात तो पुस्तकालाही हात लावीत नसे. वार्षिक परीक्षेचा एक पेपर नेमका शनिवारी आला आणि हा पठ्ठ्या गेलाच नाही! वर्ष बुडाले. असे का केलेस म्हणून मी खोदून खोदून विचारले, तेव्हा त्याने मला विल्यम मिलर नावाच्या एका अमेरिकन शेतकऱ्याची हकीकत सांगितली. या शेतकऱ्याने जगाच्या अंताचे वर्ष गणिताने काढले होते आणि ते चुकले होते. मी पोट धरधरून हसलो. नुसता हसलो नाही, दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सर्वांना ती गोष्ट रंगवून सांगितली आणि मित्राला ‘प्रलय’ हे नाव पाडले. ते नाव त्याला शेवटपर्यंत चिकटले.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तके चाळताना हा मिलर पुन्हा भेटला, आणि या खेपेला हसू आले नाही. आता तो मला इतका ओळखीचा झाला आहे की त्याला अहोजाहो करणे जड जाते. तेव्हा वाचकांनी या एकेरीबद्दल क्षमा करावी.

मिलरचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यात, व्हरमाँटच्या सीमेला लागून असलेल्या लो हॅम्प्टन या खेड्यात आले. सोळा भावंडांतला हा थोरला. बाप लढाईत भाग घेतलेला शिपाईगडी, आई बॅप्टिस्ट मंडळीतली श्रद्धाळू बाई. शाळा काय ती हिवाळ्यातले तीन महिने. एरवी झाडे तोडणे, जमीन साफ करणे आणि नांगर. मेणबत्तीची चैन परवडत नसे, म्हणून हा मुलगा सगळे निजल्यावर पाइन लाकडाची राळेने माखलेली ढलपी चुलीत पेटवून तिच्या उजेडात वाचीत पडे. एका रात्री बापाला जाग आली आणि घराला आग लागली असे समजून तो धावत आला, अशी आठवण सांगतात. आपल्याकडे देवळातल्या समईखाली शिकलेल्या मुलांच्या गोष्टी आहेत. त्यांच्या शेजारी ही सहज बसावी.

१८०३ साली लूसी स्मिथशी त्याचा विवाह झाला आणि तो सासुरवाडीच्या गावी, व्हरमाँटमधील पौल्टनीला राहावयास गेला. तेथे सार्वजनिक ग्रंथालय होते. पुस्तकांसाठी हपापलेला हा तरुण त्यावर तुटून पडला. गावातली शहाणीसुरती मंडळी व्होल्तेर, ह्यूम, टॉमस पेन वाचणारी. देव असेल, पण त्याने विश्वाचे घड्याळ चावी देऊन सोडून दिले आहे. तो कुणाच्या प्रार्थनेला धावून येत नाही आणि पवित्र शास्त्र हे माणसांनीच रचलेले आहे, असे त्यांचे मत. मिलरनेही ते उचलले. एवढेच नव्हे, तर आपले आजोबा आणि काका हे जे धर्मोपदेशक होते, त्यांच्या प्रवचनांच्या हुबेहूब नकला करून तो मित्रमंडळींना हसवू लागला. आवाज, हातवारे, डोळे मिटणे, सगळे काही. पुढे आयुष्यात त्याच्याच नकला साऱ्या अमेरिकेने केल्या. कँटीनमधला माझा पराक्रम आठवला की हा तपशील मला विशेष टोचतो.

१८१२ साली इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झाले आणि मिलर सैन्यात शिरला, कॅप्टन झाला. ११ सप्टेंबर १८१४ रोजी शॅम्प्लेन सरोवराकाठी प्लॅट्सबर्गची लढाई झाली. इंग्रजांचे सैन्य संख्येने कितीतरी अधिक. पराभव ठरलेलाच होता. एक तोफगोळा मिलरच्या अगदी जवळ येऊन फुटला. आजूबाजूची माणसे घायाळ झाली, एक ठार झाला. मिलरला ओरखडाही उठला नाही. आणि संध्याकाळी पाहतात तो अमेरिकनांचा जय! चावी देऊन सोडलेल्या घड्याळात ही गोष्ट बसेना. युद्ध संपल्यावर तो लो हॅम्प्टनला परतला. वडील वारले होते, आई एकटी होती. शेती लावली, घर बांधले आणि रात्री मात्र मरणाचा विचार करीत बसू लागला. मेल्यावर काहीच उरत नसेल तर त्या रणांगणावरच्या माणसांचे काय झाले, हा त्याचा प्रश्न होता.

गावच्या प्रार्थनामंदिरात उपदेशक नसला की एखादा सेवक छापील प्रवचन वाचून दाखवी. ते वाचन भिकार असते म्हणून मिलर त्या रविवारी जात नसे. आईने विचारले तेव्हा त्याने सहज सांगितले की मला वाचावयास दिले तर येईन. झाले, पुढच्या वेळी पुस्तक त्याच्याच हाती आले. १८१६ च्या सप्टेंबरातल्या एका रविवारी आईबापांच्या कर्तव्यावरील प्रवचन वाचता वाचता त्याचा कंठ दाटून आला. पुढे वाचवेना, तो खाली बसला. नास्तिकपणाची नव्हे, पण थट्टेची सवय त्या दिवशी सुटली.

जुने मित्र गप्प बसणारे नव्हते. या ग्रंथात इतक्या विसंगती आहेत, त्यांचे काय, म्हणून त्यांनी त्याला छेडले. मिलरने आव्हान घेतले. टीकाग्रंथ सारे बाजूला ठेवले. फक्त पवित्र शास्त्र आणि क्रूडनची शब्दसूची ही दोन पुस्तके घेतली आणि उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून वाचू लागला. एखादा शब्द अडला की तो शब्द जिथे जिथे आला आहे त्या साऱ्या जागा काढून ताडून पाहावयाच्या, अर्थ लागल्याशिवाय पुढचे वचन वाचावयाचे नाही. अशी दोन वर्षे गेली. ज्या माणसाला खुळा ठरवून आपण मोकळे होतो, त्याची अभ्यासाची ही शिस्त आमच्यातल्या किती पदवीधरांना झेपेल, ते देव जाणे.

या वाचनात त्याला दानीएल संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायातले चौदावे वचन सापडले. दोन हजार तीनशे दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध केले जाईल, असा त्याचा आशय. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, ही रीत मिलरच्या पूर्वीही अनेक पंडित मानीत आले होते. मोजणी सुरू कोठून करावयाची? इराणी सम्राट अर्तहशश्त याने यरुशलेम पुन्हा उभारण्याची आज्ञा दिली ते इ. स. पूर्व ४५७ हे वर्ष त्याने धरले. नवव्या अध्यायातील सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे याच वर्षापासून मोजली की इ. स. ३३ येते, आणि ते ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे वर्ष, असे तो मानी. एक हिशेब जुळला, मग दुसरा का जुळू नये? २३०० मधून ४५७ वजा करा : १८४३. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, तिचे शुद्धीकरण म्हणजे अग्नी, आणि तो दिवस म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन. १८१८ साली हा निष्कर्ष निघाला तेव्हा जगाला, त्याच्या लेखी, केवळ पंचवीस वर्षे उरली होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या अमेरिकेतील बहुसंख्य ख्रिस्ती लोक याच्या नेमके उलट मानीत. कालवे निघत आहेत, आगगाड्या येत आहेत, दारूबंदीच्या सभा भरत आहेत, दूरदेशी मिशनरी जात आहेत. तेव्हा जग हळूहळू सुधारत हजार वर्षांचे धर्मराज्य येईल आणि मगच ख्रिस्त येईल, अशी ती आशा होती. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या मातीतले होते. मिलर म्हणत होता की नाही, राष्ट्र सुधारून सुधारून वाचणार नाही. आधी संकट, मग राज्य. तरुण, भरभराटीला आलेल्या, स्वतःवर खूश असलेल्या देशाला हे सांगणे सोपे नव्हते.

आणि त्याने ते सांगितलेही नाही! ही त्याच्या चरित्रातली मला सर्वांत आवडणारी जागा. तेरा वर्षे हा मनुष्य गप्प बसला. पुन्हा पुन्हा हिशेब तपासला, स्वतःच आक्षेप काढले, स्वतःच उत्तरे लिहिली. शेजारीपाजारी बोलला असेल तेवढेच. आपण शेतकरी, आपल्याला बोलता येत नाही, हे त्याचे निमित्त. पण घर जळत आहे हे ठाऊक असून शेजाऱ्याला उठवले नाही तर रक्त कोणाच्या माथी, हा विचार झोपू देईना. १८३१ च्या ऑगस्टात एका शनिवारी सकाळी त्याने स्वतःशी तडजोड केली की कोणी आपण होऊन बोलावले तरच जाईन. कोण कशाला बोलावणार, अशी मनात खात्री. अर्ध्या तासात भाचा दारात उभा! ड्रेस्डेन गावात उद्या उपदेशक नाही, मामांनी यावे, असा निरोप. मिलर चिडून घरामागच्या मेपलच्या राईत गेला, तासभर देवाशी भांडला आणि परत येऊन भाच्याबरोबर निघाला. वय एकोणपन्नास.

पुढची आठ वर्षे तो खेड्याखेड्यांतून बोलत हिंडला, बराचसा पदरच्या खर्चाने. वक्ता म्हणून तो साधाच. हात थरथरत, पोशाख शेतकऱ्याचा. आरडाओरड नाही, अश्रू नाहीत. फळ्यावर उदाहरण सोडवावे तसे तो वचने आणि साले मांडी. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे अमेरिकेवर प्रचंड उल्कावर्षाव झाला. आकाशातले तारे गळून पडताहेत असे लोकांना वाटले. १८३७ साली पेढ्या बुडाल्या, व्यापार कोसळला, माणसे देशोधडीला लागली. सुधारणेच्या रस्त्याने धर्मराज्य येणार, ही आशा डळमळू लागली आणि मिलरच्या सभांना गर्दी वाढली.

तरीही हे सारे खेड्यांपुरतेच राहिले असते. १८३९ साली त्याला बोस्टनचा जोशुआ हाइम्स भेटला. हा तरुण उपदेशक, गुलामगिरीविरोधी चळवळीतला, छापखान्याची ताकद ओळखणारा. १८४० च्या मार्चात त्याने मिलरच्या मतांसाठी वर्तमानपत्र काढले. मग न्यूयॉर्कला दुसरे निघाले. श्वापदांची चित्रे आणि सालांचे आकडे असलेले मोठमोठे तक्ते तयार झाले. चार हजार माणसे मावतील असा भव्य तंबू शिवला गेला आणि तो गावोगाव उभा राहू लागला. १८४३ च्या मार्चात दिवसाही दिसणारा धूमकेतू आकाशात उगवला. अनुयायी पन्नास हजार ते एक लाख असावेत, असा अंदाज आहे. प्रसिद्धीचे हे यंत्र एकदा फिरू लागल्यावर त्याचा दांडा मिलरच्या हाती राहिला नाही.

लोक दिवस मागू लागले. मिलर दिवस सांगण्यास नाखूष होता. फारच आग्रह झाला तेव्हा त्याने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या मुदतीत असे सांगितले. मुदत संपली. मे महिन्यात त्याने उघडपणे मान्य केले की आपला हिशेब चुकला. गोष्ट येथे संपावयास हवी होती. पण इतक्यात चुकीचे कारण सापडले होते. इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे पुरी २३०० वर्षे १८४३ ला नव्हे, १८४४ ला भरतात. ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो नावाच्या उपदेशकाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दशमीस येतो, कराई पंथाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे यंदा तो २२ ऑक्टोबरला आहे, तोच दिवस!

मग जे घडले ते ‘तयारी’ या शब्दाचा अर्थ शोधणाऱ्याने बारकाईने पाहावे. दुकाने बंद झाली. लोकांनी कर्जे फेडली. ज्यांना फसवले होते त्यांच्या घरी जाऊन पैसे परत केले. वर्षानुवर्षे अबोला धरलेले भाऊ एकमेकांकडे गेले. शेतकऱ्यांनी उभी पिके तशीच ठेवली, कारण कापणी करणे म्हणजे हिवाळ्याची वाट पाहणे, आणि हिवाळा तर येणारच नव्हता. न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याने बटाटे जमिनीतच राहू दिले. गंमत अशी सांगतात की त्या साली लवकर काढलेले बटाटे रोगाने सडले आणि याचे तेवढे मातीखाली शाबूत राहिले. पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढून बसले, ही मात्र कुचाळकी. १९४४ साली फ्रान्सिस निकोल या ॲडव्हेंटिस्ट लेखकाने त्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि या झग्यांना काडीचा पुरावा नसल्याचे दाखवले. दुर्दैवाने मी कँटीनमध्ये सांगितलेल्या गोष्टीत झगे होते.

आपल्याकडेही १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या वेळी देशभर होमहवने झाली, हे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. त्या तयारीत संकट टळावे अशी प्रार्थना होती. मिलरच्या माणसांना ते टळायला नको होते. ते आनंदाने वाट पाहत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे दुःख समजत नाही.

या सर्वांत मिलर कोठे होता? घरी, आजारी. स्नोची तारीख त्याने आठवडेच्या आठवडे मान्य केली नाही. ६ ऑक्टोबरला, म्हणजे अवघे सोळा दिवस उरले असता, त्याने होकार दिला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली खरी चूक ही. शून्य वर्षाची चूक हिशेबाची होती. पण त्या सोळा दिवसांत देशात असा एकच माणूस होता की ज्याने नाही म्हटले असते तर काही हजार शेतकरी विळे घेऊन शेतात गेले असते. तो नाही म्हणाला नाही. इतक्या लोकांच्या अंगात आलेली ही शुद्धता, हे कर्ज फेडणे, हे समेट देवाशिवाय कोण घडवील, असे त्याला वाटले. ज्याने तेरा वर्षे स्वतःच्या हिशेबावर विश्वास ठेवण्यास वेळ घेतला, तो शेवटी दुसऱ्याच्या हिशेबापुढे, स्वतःच पेटवलेल्या लोकांकडे पाहून, वाकला. या मुद्द्यावर मी त्याला माफ करू शकलेलो नाही.

२२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. घरोघर, सभागृहांत माणसे जमून बसली. लो हॅम्प्टनला मिलरच्या घरामागे एक सपाट खडक आहे. त्यावर त्याचे कुटुंब व स्नेही वाट पाहत उभे होते, अशी परंपरा आहे. सूर्य मावळला. मध्यरात्र झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट गिब्सनला हायरम एडसन या शेतकऱ्याकडे जमलेली मंडळी उजाडेपर्यंत रडत होती. इतिहासात या दिवसाचे नाव ‘महान निराशा’ असे पडले आहे.

सकाळी गाई धारेसाठी हंबरल्याच असतील. हिवाळा आला. कापणी न केलेल्यांना उसने मागावे लागले, तेही ज्या शेजाऱ्यांना सावध केले होते त्यांच्याकडे. पोरे रस्त्यात अडवून अजून वर गेला नाहीत का म्हणून विचारीत. काही ठिकाणी सभागृहांवर हल्लेही झाले. १८४५ च्या जानेवारीत लो हॅम्प्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीने मिलरला व त्याच्या सोबत्यांना काढून टाकले. ज्या मंदिरात त्याचा कंठ दाटून आला होता तेच मंदिर. त्याने पळ काढला नाही, दोष कोणावर ढकलला नाही, पुढची तारीखही काढली नाही. आता रोज आजचाच दिवस तो मानून चालावयाचे, असे त्याने स्नेह्यांना कळवले. नवे हिशेब घेऊन येणाऱ्यांपासून तो हळूहळू दूर झाला. १८४८ साली घराशेजारी त्याच्या जमिनीवर एक लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले. ते अजून आहे.

अनुयायी फुटले. बरेच आपापल्या जुन्या मंडळ्यांत परतले, काहींनी श्रद्धाच सोडली. एका लहान गटाने दिवस बरोबर होता, पण त्या दिवशी पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात काही घडले, असा अर्थ लावला, शनिवारचा शब्बाथ स्वीकारला आणि १८६३ साली सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी स्थापन केली. मिलरने शनिवार कधीच मानला नव्हता, हे माझ्या मित्रालाही बहुधा ठाऊक नसावे. आज जगभर त्यांची संख्या दोन कोटींहून अधिक आहे. ते तारीख सांगत नाहीत. शाळा आणि इस्पितळे काढतात. ज्यांचा जगाच्या अंतावर विश्वास, त्यांनी पुण्यात येऊन पक्क्या इमारतींचे कॉलेज बांधावे, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

मिलरची दृष्टी १८४८ पासून अधू होत गेली. दोन वर्षे शब्दाला शब्द लावीत जे पुस्तक वाचले होते, ते आता त्याला वाचता येईना. १८४९ च्या डिसेंबरात त्याची प्रकृती बिघडल्याचे कळून बोस्टनहून हाइम्स धावत आला. मिलरने त्याला आवाजावरून ओळखले. २० डिसेंबरला, सदुसष्टाव्या वर्षी, तो गेला.

मित्राची आणि माझी पुढे गाठ पडली नाही. वर्ष बुडाल्यावर त्याने आमचे महाविद्यालय सोडले. त्या शनिवारचा पेपर इतिहासाचा होता. मला त्यात एकसष्ट गुण मिळाले.